डोंगरीच्या कठड्यावर

गुरुवार, दि. १६ जानेवारी २०२५
सकाळी पावणेआठला निघालो. नीलम, सुलू, दुर्गाबाई, मी. रिक्षाने भाईंदर पश्चिम, तिथून उत्तनची बस. चौघींना बसायला जागा. डोंगरीला उतरून टेकडी चढलो. पायऱ्या एकशे बारा (१९९५ साली मोजल्या तेव्हाही एकशे बारा). वर क्रूसापाशी अर्धा तास. साडेअकराला उत्तन, समुद्र ओहोटीला. जेवण : घावणे व चटणी (दुर्गाबाई), कोथिंबीर वडी (मी), दहीभात (सुलू). नीलमने काही आणले नाही, तिची भांडी बांधून झाली. परत घरी तीन चाळीस. ऊन कडक. फोटो दुर्गाबाईंनी काढले.
चूक : वाचायचा चष्मा दिवसभर पर्समध्येच राहिला.

शेवटची ओळ लाल शाईत होती. ती लिहून सुचेताबाई पोतनिसांनी पेनाला टोपण लावलं, पण वही काही मिटवेना.

ही लाल ओळ त्यांच्या आयुष्यात आठवीपासून होती. गिरगावातल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बेनेडिक्टांनी वर्गातल्या बेचाळीस मुलींना एकेक वही दिली होती. रोज संध्याकाळी दिवस निळ्या शाईत लिहायचा आणि दिवसभरातली आपली एक चूक लाल शाईत. एकच ओळ. कारण लिहायचं नाही. ‘कारण लिहिलंस की तू देवाशी वाद घालायला लागतेस,’ असं सिस्टर म्हणायच्या. मेच्या सुट्टीपर्यंत एक्केचाळीस वह्यांची रद्दी झाली. बेचाळिसावी मुलगी अजून लिहीत होती. लग्न झालं, रुचिता झाली, गिरगावची खोली सोडून मीरा रोडला ‘स्वस्तिश्री’मध्ये ब्लॉक घेतला, काशीनाथ गेले, वही चुकली नाही. काशीनाथ थट्टा करायचे, “लाल ओळीत माझं नाव नाही ना?” त्यावर सुचेताबाई म्हणायच्या, “तुमच्या चुका तुम्ही लिहा. माझी वही भरलेली आहे.”

चष्मा पर्समध्ये राहिला हे खरंच होतं. पण आज लाल शाईत लिहायची गोष्ट ती नव्हे, हे सुचेताबाईंना पेन उचलतानाच ठाऊक होतं.

त्या गोष्टीचं मूळ नीलममध्ये होतं. नीलम साटम दुसऱ्या मजल्यावर, सुचेताबाई पहिल्या. दोघी एकाच आठवड्यात राहायला आल्या, ब्याण्णवच्या दिवाळीत, तेव्हा बिल्डिंगला धड रंगही नव्हता आणि रात्री पाठीमागच्या दलदलीतून बेडकांचं ओरडणं ऐकू यायचं. ‘अहो साटमबाई’वरून ‘अगं नीलम’वर यायला सुचेताबाईंना तीन वर्षं लागली. त्या मुळातच सावकाश चालीच्या. पण एकदा ‘अगं’ झालं ते झालं. लोणच्याच्या कैऱ्या एकत्र, डोळ्यांचा डॉक्टर एकच, नीलमच्या अभिनवची दहावी सुचेताबाईंच्या जेवणाच्या टेबलावर झाली. आणि आता तोच अभिनव आईला बंगळूरला घेऊन चालला होता. वडील गेल्यापासून दीड वर्ष तो मागे लागला होता. ब्लॉक विकला गेला. पंचवीस तारखेचं विमान होतं.

एवढं सगळं सुचेताबाईंनी मनाची समजूत घालून पचवलं असतं. पचत नव्हती ती दुर्गा.

दुर्गा लवू शिगवण. मूळची रत्नागिरीकडची, आधी हाटकेशला भाड्याने राहायची, दोन वर्षांपूर्वी ‘स्वस्तिश्री’च्या तळमजल्यावर आली. चाळीस डब्यांचा पोळीभाजीचा धंदा, अंगाने आडवी, आवाजाने उभी. नीलमचे यजमान गेले तेव्हा सुचेताबाई नाशिकला रुचिताकडे होत्या, डोळ्याचं ऑपरेशन करून घ्यायला. दहा मिनिटांचं ऑपरेशन, पण जावई म्हणाले राहा, नात म्हणाली राहा, राहता राहता तीन महिने झाले. परत येऊन पाहतात तर नीलमच्या स्वयंपाकघरात ही बाई डब्यातली पालेभाजी वाढत उभी. आणि वर नीलमला म्हणते, “गप बस गो, खा आधी!”

तीन महिन्यांत ‘गो’. सुचेताबाईंना तीन वर्षं लागली होती.

त्या दिवशीच्या वहीत लाल ओळ होती : ‘नीलमकडचा चहा न पिता परत आले.’ कारण लिहिलेलं नव्हतं.

तर नीलम जाण्याआधी एक दिवस सगळ्यांनी उत्तनला जाऊन यावं ही कल्पना सुचेताबाईंचीच. वरवर सहल. आत एक फोटो होता.

पंच्याण्णव साली दोन्ही घरं मिळून डोंगरीला गेली होती. टेकडीच्या पायऱ्या जिथे वळण घेतात तिथे दगडी कठडा आहे, कमरेइतका, बसायला रुंद. त्या कठड्यावर दोघी दमून बसल्या आणि काशीनाथांनी खालून फोटो काढला. रोलमधला छत्तिसावा, शेवटचा. नीलम हसतेय आणि सुचेताबाई तिच्याकडे बघतायत. मागे सुचेताबाईंच्या अक्षरात : ‘डोंगरी, १५ जाने. ९५. डावीकडून नीलम, मी.’ सुचेताबाईंच्या सगळ्या फोटोंच्या मागे अशी नावं असतात. सहल झाली की फोटो धुऊन आणायचे, ज्याचा त्याला एकेक द्यायचा आणि मागे डावीकडून उजवीकडे नावं लिहायची, हे काम तीस वर्षं त्यांचं. तोच फोटो आज सकाळी त्यांनी वहीतून काढून पर्समध्ये ठेवला होता. त्याच कठड्यावर, तशाच बसून, तसाच एक फोटो. नीलम बंगळूरला जाण्याआधी. बस, एवढंच हवं होतं.

पण ते त्या मागणार नव्हत्या. तीस वर्षांच्या मैत्रिणीला आठवायला नको? मागितलं की वाढपी कुणालाही वाढतो. नीलमने आपणहून म्हणायला हवं होतं, ‘सुची, आठवतं? इथेच आपण.’

सकाळी बसमध्येच बिनसायला सुरुवात झाली. सुचेताबाईंनी खिडकीजवळची जागा धरून पर्स शेजारी ठेवली होती, नीलमसाठी. नीलम आली ती मागून दुर्गाशी बोलत, आणि बोलता बोलता तिच्याच बाकावर बसली. पर्सच्या जागी बसली सुलू. सुलू तिसऱ्या मजल्यावरची, स्वभावाने गरीब, दोन्ही गुडघे निकामी.

“मला वाटलं, तू माझ्यासाठी जागा ठेवलीस,” सुलू म्हणाली.

“तुझ्यासाठीच,” सुचेताबाई म्हणाल्या.

मुर्धा गेलं, राई गेलं, मिठागरं लागली. दुर्गाने फोन काढला आणि हात लांब करून खिडकीबाहेर धरला.

“दुर्गे, हात आत घे, तोडून जाईल कुणीतरी,” नीलम हसत म्हणाली.

“जाऊदे. दुसरा हाय ना. डबे एका हाताने भरीन. इकडे बघ, नीलम, दात दाखव. बंगळूरला दाखव, आमचे अजून शाबूत हायत म्हणून.”

आणि नीलमने दात दाखवले. यजमान गेल्यापासून सुचेताबाईंसमोर ती तशी हसली नव्हती. सुचेताबाईंसमोर ती रडायची. रडायला यायची आणि हसायला खाली जायची. अशी वाटणी कुणी केली, कधी केली, कोण जाणे.

डोंगरीला ऊन चढलं होतं. सुलू खालीच झाडाखाली बसली, म्हणाली, “माझ्या वाटची मेणबत्ती लावा.” पायऱ्यांपाशी दुर्गाने पिशवीतून एक टोपी काढली. महाबळेश्वरला घेतलेली, सुपाएवढी, आणि रंग भडक नारिंगी. आधी स्वतः घालून बघितली, मग काढून सुचेताबाईंपुढे धरली.

“ताई, घाला. डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं.”

“मला सवय नाही टोपीची.”

“सवय काय करायचीय? सून हाय काय ती?”

“सुची, घाल गं,” म्हणत नीलमने टोपी घेतली आणि सुचेताबाईंच्या डोक्यावर बसवून दोन्ही कानांवर नीट ओढली, अभिनव लहान असताना त्याची माकडटोपी ओढायची तशी. दुसऱ्याची टोपी आपल्या डोक्यावर, हे सुचेताबाईंना मुळीच आवडलं नाही. पण कानांवरचे हात नीलमचे होते. त्यांनी राहू दिली.

दोघी पुढे झाल्या. दुर्गा मागे खालच्या पायरीवर चपलेचा पट्टा की कायसं करत राहिली. चढताना नीलमने सुचेताबाईंचा कोपर धरला. चाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस, सुचेताबाई मनात मोजत होत्या. वळण आलं. कठडा आला.

“बसू या,” नीलम म्हणाली.

बसल्या. दगड तोच. तिकडे खाली कौलं, माड, आणि पलीकडे पाण्याची चकाकणारी रेघ. नीलम पाण्याची बाटली उघडून स्वतः प्यायली, मग सुचेताबाईंना दिली. सुचेताबाई तिच्याकडे बघत राहिल्या. आता म्हणेल. आता आठवेल. पर्सची चेन त्यांनी अर्धी उघडूनही ठेवली.

नीलम म्हणाली, “अभिनवच्या घराला लिफ्ट आहे म्हणे. दोन-दोन.”

“बरं झालं,” सुचेताबाई म्हणाल्या आणि चेन लावली.

तेवढ्यात दुर्गा धापा टाकत वर आली, दोघींच्या मधे फतकल मारून बसली आणि सुचेताबाईंच्या डोक्यावरची टोपी उचलून तिने वारा घेतला. मग टोपी आपल्या डोक्यावर ठेवली. “अगं आई गं. आमचे लवूशेट असते तर म्हणाले असते, बाय, तुला क्रेन लागंल.” मग फोन सुचेताबाईंच्या हातात. “ताई, आमचा काढा ना एक. नीलमचा न् माझा. हितंच. तुम्हाला फोटोची समज हाय.”

हितंच.

सुचेताबाईंनी काढला. तीन पायऱ्या खाली उतरून, काशीनाथ उभे होते साधारण तिथून. नारिंगी टोपी, शेजारी नीलम, आणि नीलम हसतेय. चांगला आला. त्यांना वाईट फोटो काढताच येत नव्हता, हीच तर पंचाईत.

वर क्रूसापाशी त्यांनी दोन मेणबत्त्या लावल्या आणि शाळेतली प्रार्थना मनात म्हटली. नेहमी नीलम म्हणायची, ‘मोठ्याने म्हण ना सुची, छान वाटतं.’ आज नीलम आणि दुर्गा भिंतीच्या सावलीत बसून घावण्यांचा डबा उघडावा की नको यावर भांडत होत्या.

उत्तनला ते घडलं.

किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते, ओळीच्या ओळी. दुर्गाला एका कोळणीशी बोलायचं होतं, नीलमलाही ती ओढून घेऊन गेली. जाताना फोन सुचेताबाईंच्या मांडीवर. “ताई, सांभाळा. वाळूत पडला की गेला. तुमच्याकडे असला की मला घोर नाही.” फोन उघडाच होता, फोटोंवर. सुलू नावेच्या सावलीत डुलकी काढत होती.

सुचेताबाई फोटो बघू लागल्या. चष्मा पर्समध्ये होता, पर्स हाताशी होती, पण चष्मा काढायचा म्हणजे आपण बारकाईने बघतोय हे स्वतःला कबूल करायचं. नुसत्या डोळ्यांनी दिसायचं ते रंगानेच. नीलमची साडी निळी. टोपी नारिंगी. बसमध्ये निळं आणि दुर्गाचं हिरवं. पायऱ्यांवर निळं आणि नारिंगी. कठड्यावर निळं आणि नारिंगी. पुन्हा कठड्यावर निळं आणि नारिंगी. किती काढले होते तरी! सगळीकडे नीलम, सगळीकडे ही. फोन बंगळूरला वाजेल, अभिनवच्या दोन लिफ्टच्या घरात नीलम हे फोटो बघेल आणि कठड्यावर आपल्याशेजारी कोण होतं तर दुर्गा, हेच तिच्या लक्षात राहील. पंच्याण्णव पुसलं जाईल.

रुचिताने शिकवलं होतं, फोटोवर बोट दाबून धरायचं, मग खालच्या कचऱ्याच्या डब्यावर दाबायचं. सुचेताबाईंनी कठड्यावरचा एक दाबून धरला. डब्यावर दाबलं. फोन विचारतो, नक्की ना? नक्की. मग दुसरा. मग पायऱ्यांवरचे. शाळेत एकदा, एकदाच, त्यांनी शेजारणीच्या वहीतलं पान फाडलं होतं, ते आठवलं. तेव्हाही असंच वाटलं होतं, भीती आणि भुकेच्या वेळी जेवायला बसल्यासारखं समाधान. निळं-नारिंगी जिथे दिसेल तिथे बोट. सतरा फोटो गेले. आवाज होत नाही, कागद फाटत नाही, तुकडे कुठे टाकायचे हा प्रश्न नाही.

परत येताना बसमध्ये नीलम आपणहून त्यांच्या शेजारी बसली आणि खांद्यावर डोकं ठेवून झोपली. डोंगरी येऊन गेली तरी सुचेताबाईंनी खिडकीकडे बघितलं नाही.

हे सगळं आता, संध्याकाळी सहाच्या सुमाराला, चष्म्याच्या एका लाल ओळीत बसवून त्या टेबलाशी बसल्या होत्या. दिवा लावायचा राहिला होता. बेल वाजली.

दारात दुर्गा. मॅक्सीवर ओढणी, हाताला कणीक, आणि फोन.

“ताई, माझा डबा आलाय काय तुमच्या पिशवीत? घावण्यांचा?”

डबा आला होता. स्टीलचा, झाकणावर नाव कोरलेलं. सुचेताबाई आणायला वळल्या.

“राहूदे डबा. बसते जरा.” दुर्गा खुर्चीत बसली. नेहमीसारखी ऐसपैस नव्हे, कडेला. “माझे फोटो गेले.”

सुचेताबाई उभ्याच राहिल्या.

“घरी येऊन बघते तर नाहीत. नीलमला पाठवणार होते. म्हटलं, माझंच बोट कुठंतरी लागलं असंल, कणकेचं. संजनाला दिला.” संजना म्हणजे तिची मुलगी, ठाण्याला ऑफिसात कामाला, गुरुवारी तिला घरून काम. “ती म्हणाली, आई, गेलेले नाहीत, कचऱ्यात हायत, महिनाभर असतात. काढून दिले तिने. पण म्हणाली, हे आपोआप नाही गेलेले. बसचे हायत, बोंबलांचे हायत, सुलूताईंचे हायत. मधलेच निवडून काढलेत. तांदळातले खडे काढावेत तसे.”

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, होत नव्हती. दुर्गा बघत होती. हसत नव्हती, ओरडतही नव्हती. सुचेताबाईंनी एकदा मनात वाक्य जुळवलं, ‘मला फोन नीट चालवता येत नाही.’ वयाच्या बाईला शोभून दिसलं असतं. जिभेवर आलंही. पण अठ्ठावन्न वर्षं रोज संध्याकाळी लाल शाईने जिभेला जे वळण लावलं होतं, ते ऐन वेळी आडवं आलं.

“मी काढले,” सुचेताबाई म्हणाल्या. “मुद्दाम.”

“माझे न् नीलमचे.”

“हो.”

“मला वाटलंच.” दुर्गाने ओढणीने हात पुसले. “मी काय आंधळी नाही, ताई. दोन वर्षं बघते. मी आले की तुम्ही उठता. मी भाजी दिली की तुमचं पोट भरलेलं असतं. मी म्हणायचे, शिकल्या-सवरल्या हायत, असंल त्यांचं काही. राग येतो, नाही असं नाही. आज आला. जिना चढताना चांगल्या चार शिव्या घोळवत आले.”

“मग द्या.”

“देणार होते. पण एक कळंना, म्हणून थांबले.” तिने फोन पुढे केला. “माझे फोटो काढले ते समजू शकते. तुमचे कशाला काढलेत?”

“माझे?”

“चष्मा घाला.”

सुचेताबाईंनी पर्समधून चष्मा काढला, तिथे जुना फोटोही हाताला लागला. चष्मा लावला. पडद्यावर कठडा होता. निळी साडी, आणि नारिंगी टोपी. टोपीखाली लांबट चेहरा, बाहेर आलेली हनुवटी, अंगावर त्यांचीच राखाडी नारायणपेठ. नीलम बाटली हातात धरून हसतेय आणि टोपीतली बाई तिच्याकडे बघतेय, वाट बघावी तशी. पुढचा : पायऱ्या, पाठमोऱ्या दोघी, कोपर धरलेला. त्याच्या पुढचा : नीलम टोपी कानांवर ओढतेय. सतरांतले बारा त्यांचे होते. दुर्गाचे पाचच.

“टोपीवर गेलात होय!” दुर्गा म्हणाली, आणि मग मात्र तिला हसू आवरलं नाही, खुर्चीचे पाय करकरले. “अहो ताई, टोपी तुमच्या डोक्यावर होती की! स्वतःलाच फेकून दिलंत?”

सुचेताबाई हसल्या नाहीत. त्या हळूच खुर्चीवर टेकल्या. “तुम्ही हा कधी काढलात?”

“तुम्ही बसलात तेव्हा, खालून. चपलेचं नाटक करून थांबले होते ना. नीलमने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, कठड्यावर आम्ही बसलो की काढ, पण तिला कळू देऊ नको. कळलं की ती शाळेच्या फोटोसारखी ताठ बसते. पूर्वी एक काढला होता म्हणे तुमच्या साहेबांनी तिथं. तसा हवा होता तिला. बंगळूरला लावायला.”

म्हणजे आठवत होतं. नीलमला सगळं आठवत होतं. आणि त्याच क्षणी सुचेताबाईंच्या आत एक काटा पुन्हा वळला : सांगितलं कुणाला, तर हिला. आपल्या दोघींची गोष्ट, आणि ती ठाऊक कुणाला, तर हिला. आनंद आणि मत्सर असे एकाच घोटात त्यांनी आयुष्यात कधी गिळले नव्हते.

त्यांनी जुना फोटो टेबलावर ठेवला. दुर्गाने हात नीट पुसून तो उचलला, उजेडाकडे धरला.

“कित्ती बारीक होतात तुम्ही! नीलम बघा कशी, नटी. न् हे मागे काय लिवलंय?”

“डावीकडून उजवीकडे नावं. मी सगळ्यांची लिहिते.”

“माझ्याकडे फोटो हायत पोतंभर फोनमध्ये, नाव एकाच्याही मागे नाही.” तिने फोटो परत ठेवला. मग म्हणाली, “ती गेली की मलाही करमणार नाही, ताई. फक्त तुम्हालाच वाटंल असं नाही.”

सुचेताबाईंना ते वाटून घ्यायचं नव्हतं. निदान आज तरी नाही.

“नीलमला सांगणार?” त्यांनी विचारलं.

“मी कशाला सांगू? मी फोटो पाठवते. सतराही. काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा.” दुर्गा उठली. “तवा तापत ठेवून आले. डबा द्या.”

“घासून देते. उद्या.”

दुर्गाने त्यांच्याकडे एकदा बघितलं. ‘स्वस्तिश्री’त सगळ्यांना माहीत होतं, पोतनीसबाईंच्या घरून डबा रिकामा परत जात नाही, म्हणूनच दोन वर्षांत दुर्गाचा एकही डबा या घरात राहिला नव्हता, दारातच दुसऱ्या भांड्यात काढून परत दिला जायचा.

“उद्या तर उद्या,” ती म्हणाली आणि जिना उतरून गेली. खालून तिचा आवाज आला, “संजू, तवा जळला काय गं?”

दहा मिनिटांनी टेबलावरचा फोन थरथरू लागला. दुर्गाने नीलमबरोबर त्यांनाही पाठवले होते, एकामागून एक सतरा. कठड्याचा फोटो आल्याबरोबर नीलमचा निरोप आला : ‘सुची!!! बघितलास का? वर ये ना.’

सुचेताबाईंनी दुर्गाचे पाच फोटोही पाहिले, चष्मा लावून. त्यातल्या कठड्यावरच्या फोटोत, त्यांनी स्वतः काढलेल्या, नीलम जास्त मोकळी हसत होती. मान्य करावंच लागलं. त्या फोटोकडे त्यांनी बराच वेळ बघितलं आणि तो आवडला नाही तो नाहीच.

मग त्या वर गेल्या. खोक्यांच्या गराड्यात बसून त्यांनी नीलमला सगळं सांगितलं. नीलम आधी म्हणाली, “तू?” मग म्हणाली, “वेडी आहेस.” नंतर तिने न बांधलेल्या एकुलत्या एक पातेल्यात चहा टाकला. सुचेताबाई तो प्यायल्या.

खाली येऊन त्यांनी दिवा लावला, स्वयंपाकघरातलं काम उरकलं आणि वही पुन्हा पुढे ओढली. चष्म्याच्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली आणि तिच्याखाली लाल शाईत लिहिलं : ‘चूक : दुर्गाबाईंचे फोटो पुसले. हेवा.’ शेवटचा शब्द कारण होतं. सिस्टर रागावल्या असत्या. तो त्यांनी खोडला नाही.

मग निळं पेन घेतलं. अजून एक नोंद राहिली होती.

‘रा. ८. दुर्गाचा डबा घासून पालथा घातला. अर्धा किलो रवा भाजून ठेवला आहे, पाक सकाळी.’